कडेच्या माणसाला चेहरा कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा एक दिवस अजिंठ्याला देतो, एक वेरूळला, परतताना बीबी का मकबरा पाहतो आणि रात्रीची गाडी धरतो. विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी बहुतेकांच्या यादीत नसतात. मकबऱ्यापासून ती दोन-तीन किलोमीटरवरच आहेत. पायऱ्या चढून वर गेलं की सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं. इथलं सातवं लेणं सहाव्या शतकातलं. त्याच्या दाराशेजारच्या भिंतीवर बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे, माणसाहून उंच, शांत. त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार छोटे चौकोन कोरले आहेत. एकात वणवा, एकात तलवार उगारलेला दरोडेखोर, एकात बेड्या पडलेला कैदी, एकात बुडतं जहाज. समोरच्या बाजूला सिंह, साप, माजलेला हत्ती, आणि आईजवळचं मूल न्यायला आलेला मृत्यू. आठ भयं आणि त्या भयांत सापडलेली माणसं. त्यांना नाव नाही, गाव नाही. मधल्या मूर्तीपुढं ती इतकी लहान आहेत की पाहणाऱ्याची नजर आधी बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर जाते आणि कडेला वळायला वेळ लागतो. वळली की मात्र तिथून हलत नाही, कारण मधली मूर्ती स्थिर आहे आणि जे काही घडतंय ते सगळं कडेला घडतंय.

या कडेच्या माणसांसाठीच हा प्रवास. सोबत सतराव्या शतकातल्या युरोपातल्या काही एचिंगच्या छापील प्रती आहेत: जाक कालोचे भिकारी आणि रेम्ब्रांटचे भिकारी. हजार वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर ओलांडून ही दोन जगं एकमेकांशेजारी कशासाठी ठेवायची, असं कोणी विचारील. उत्तर असं की समाजाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचं चित्र काढणं हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच अवघड आहे. त्याला पाहणारा कुठं उभा राहतो? दुरून पाहतो, वरून पाहतो, की त्याच्या जागी जाऊन पाहतो? मला असं वाटतं की कलावंताच्या मनात दया किती होती यावर अशा चित्राचा खरेपणा ठरत नाही. त्या माणसाच्या जागी त्यानं स्वतःला उभं केलं का, यावर तो ठरतो. याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र चित्रांत सापडत नाही. तो इथून ५० किलोमीटरवर, पैठणला आहे.

आधी एचिंगबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तंत्राचा इथं मोठा वाटा आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर चढवतात आणि त्यावर सुईनं चित्र काढतात. जिथं सुई फिरते तिथं मेण निघून तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात ठेवायचा. आम्ल उघडं तांबं खातं, मेणाखालचं सोडून देतं. मेण काढून खाचांत शाई चोळायची, वरची शाई पुसून घ्यायची, ओला कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा, की रेघ कागदावर उमटते, उलटी होऊन. पत्र्यावर हत्यारानं थेट कोरायचं तर मनगटाला जोर लावावा लागतो आणि रेघ ताठर येते. एचिंगची सुई मात्र बोरूसारखी पळते. रस्त्यावरून लंगडत जाणारा माणूस वळणाआड जाण्याआधी त्याची चाल पकडायची असेल तर अशीच सुई हवी. शिवाय एका पत्र्यावरून पुष्कळ प्रती निघतात, त्या स्वस्तात विकता येतात. राजाचं तैलचित्र राजाच्या महालात टांगलं जाई. भिकाऱ्याचं एचिंग एखादा शिंपी किंवा विद्यार्थीही विकत घेऊ शके. कडेचा माणूस युरोपच्या चित्रात मुख्य जागी आला तो आधी या छोट्या कागदांवर.

जाक कालो हा लोरेन प्रांतातल्या नान्सीचा, जन्म १५९२ चा. इटलीत अनेक वर्षं काम करून तो गावी परतला आणि १६२२-२३ च्या सुमारास त्यानं भिकाऱ्यांची पंचवीस चित्रं केली. तंतुवाद्यं बनवणारे वापरत ते कडक वार्निश तो मेणाच्या जागी वापरी, त्यामुळं त्याची रेघ हवी तिथं जाड आणि हवी तिथं बारीक होई. प्रत्येक कागद तळहाताएवढा. त्यावर बहुधा एकच माणूस, क्वचित अधिक. मागं घर नाही, झाड नाही, रस्ता नाही, पायाशी सावलीच्या चार रेघा आणि बाकी कोरा कागद. कुबड्या घेतलेला माणूस, कुत्र्याच्या आधारानं चालणारा आंधळा, मांजरं घेऊन बसलेली म्हातारी, पोरांनी वेढलेली आई. चिंध्यांची प्रत्येक घडी त्यानं अशी काढली आहे की कापडाचं वजन जाणवतं. या कोऱ्या कागदानं भिकाऱ्याला मोठं केलं, कारण शेजारी कोणी राजा नाही, देव नाही, ज्याच्यापुढं तो लहान ठरावा. त्याच कोऱ्या कागदानं त्याला एकटंही पाडलं. तो कुठून आला, त्याला इथवर कोणी आणलं, कोणाच्या दारापुढं तो उभा आहे, यातलं काही कळत नाही. तो नमुना होतो. संग्रहात फुलपाखरं टाचावीत तशी पंचवीस प्रकारची गरिबी एकामागं एक मांडलेली दिसते.

मालिकेचं पहिलं पान तर जास्तच बोलकं आहे. तिथं फाटका झेंडा घेतलेला एक माणूस उभा आहे आणि झेंड्यावर इटालियनमध्ये त्याला लफंग्यांचा कप्तान म्हटलं आहे. म्हणजे पाहणाऱ्याला आरंभीच इशारा मिळतो की पुढच्या पानांवर येणारे हे सगळे एका टोळीचे असू शकतात, दिसतं ते सोंग असू शकतं. या संशयाला त्या काळच्या युरोपात मोठा इतिहास होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत खोट्या भिकाऱ्यांचे प्रकार सांगणारी एक पुस्तिका निघाली होती आणि १५२८ मध्ये खुद्द मार्टिन ल्यूथरनं तिला प्रस्तावना जोडली होती. खरा भिकारी कोण आणि ढोंगी कोण, ही चौकशी पोटभर जेवणारे लोक मोठ्या आवडीनं करतात, तेव्हाही आणि आताही. कालोची सुई कितीही सूक्ष्म असो, तिच्या टोकाशी ती चौकशी आहे.

हाच संशय अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकात भेटतो. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक विस्तारानं रंगवलं आहे. जो मागेल त्याला हवं ते देऊन टाकणारा हा राजपुत्र वनवासात जातो आणि तिथं जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण येऊन त्याची दोन मुलं मागतो, कारण जूजकाच्या तरुण बायकोला घरात राबायला नोकर हवे आहेत. विश्वंतर मुलंही देतो. पुढं आजोबा राजा पैसे मोजून नातवंडं सोडवतो. त्या प्रसंगातला जूजक एकदा पाहिला की विसरता येत नाही: बोकडासारखी दाढी, विचकलेले विरळ दात, सुरकुतलेला चेहरा, आणि मिळणाऱ्या धनावर खिळलेली नजर. चित्रसूत्र या जुन्या चित्रशास्त्राच्या ग्रंथात पुरुषांचे पाच प्रकार आणि त्यांची मापं दिली आहेत, हंस, भद्र, मालव्य, रुचक, शशक. राजे आणि बोधिसत्त्व त्या मापांत बसतात. जूजक कुठल्याच मापात बसत नाही. म्हणून चित्रकाराला तिथं मोकळीक मिळाली आणि त्यानं सूत्राकडं पाहायचं सोडून बाजारात, रस्त्यावर पाहिलेल्या माणसाकडं पाहिलं. अजिंठ्यातले सुंदर चेहरे एकमेकांची आठवण करून देतात. जूजकाची आठवण दुसरा कोणी करून देत नाही. शास्त्र जिथं संपतं तिथं निरीक्षण सुरू होतं, आणि शास्त्र नेमकं कडेच्या माणसापाशी संपतं.

यावर कोणी म्हणेल की जूजक ब्राह्मण आहे, दान मागणं हा त्याचा हक्कच. त्याला समाजाच्या कडेचा माणूस कसं म्हणायचं? आक्षेप बरोबर आहे. जन्मानं तो कडेचा नाही. पण चित्रकारानं त्याचा लोभ दाखवायला कोणतं शरीर निवडलं ते पाहायला हवं. म्हातारपण, पडलेले दात, वाकलेला बांधा. ही लोभाची लक्षणं नाहीत, वयाची आणि हलाखीची आहेत. शरीरातलं व्यंग हे मनातल्या पापाचं चिन्ह म्हणून वापरलं की त्याचा त्रास गोष्टीबाहेरच्या, निर्दोष अशा प्रत्येक म्हाताऱ्याला आणि लंगड्याला होतो. कालोच्या झेंड्यानं तेच केलं. त्याच लेण्यात आरशात पाहणारी राजकन्या आहे, तिच्याभोवती दासी आहेत आणि त्यांत एक ठेंगणी आहे. राजकन्येचं रूप आणखी खुलावं म्हणून ती तिथं आहे, यात शंका नाही. पुढं वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळतात आणि खाली बुटके गण नंदीला छळतात. देवांच्या गंभीर दरबारात हसण्याची सोय त्यांच्यामुळं होते. गण तर पुराणातले, त्यांचा खऱ्या माणसांशी संबंध नाही, असं म्हणता येईल. पण शिल्पकारानं बुटक्या शरीराची ढब कुठून उचलली? ज्या शरीराला समाज हसत होता तेच त्यानं हसवायला नेमलं.

तरीही अजिंठ्याबद्दल एक गोष्ट विसरून चालणार नाही, आणि माझ्या दृष्टीनं ती फार महत्त्वाची आहे. जूजकाला रोज पाहणारे लोक कोण होते? भिक्खू. म्हणजे शब्दशः भिक्षेवर जगणारे. हरिषेण राजाच्या काळात राजाश्रय मिळाला, सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेवानं दिलं, त्यामुळं या भिक्खूंची स्थिती कालोच्या भिकाऱ्यासारखी मुळीच नव्हती. पण नियमानं ते याचक होते, हातात पात्र होतं. मागणाऱ्याचा हा विद्रूप चेहरा ज्यांच्या डोळ्यांसमोर रंगवला गेला ते स्वतः मागणारे होते, आणि दुसऱ्याच्या दानावर आपली नजर अशी खिळते का हे त्यांनाच पाहायचं होतं. कालोचा कागद विकत घेणारा माणूस भिकारी नव्हता. अजिंठ्याची भिंत पाहणारा होता. चेहरा तितकाच कठोर असूनही भिंतीपुढं पाहणारा सुटत नाही. कडेच्या माणसाकडून स्वतःकडं वळण्याची ही पहिली पायरी, अजून पुरती नसलेली.

पुढची पायरी १६३० साली हॉलंडमधल्या लायडन गावी चढली गेली. रेम्ब्रांट तेव्हा चोविशीत होता. कालोचे भिकारी त्यानं पाहिले होते आणि त्या वळणावर स्वतःही अनेक काढले होते. त्या वर्षीच्या एका छोट्या एचिंगमध्ये उंचवट्यावर एक भिकारी बसला आहे. चिंध्या, विस्कटलेले केस, पुढं आलेला हात, आणि काहीतरी ओरडून सांगणारं उघडं तोंड. चेहरा रेम्ब्रांटचा आहे. तो पत्र्यावर त्याच्या आद्याक्षरांसह आणि सालासह सही करून बसला आहे. जाणकार सांगतील, आणि ते खोटं नाही, की त्याच वर्षी तो आरशात पाहून स्वतःचे हसरे, दचकलेले, रागावलेले चेहरे पत्र्यावर काढत होता; आरशातला माणूस फुकट मिळतो, मॉडेलला पैसे द्यावे लागतात. हा भिकारी त्याच सरावातून आला असेल. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत असण्याची गरज नाही. कागदावर जे आहे त्याबद्दल मी बोलतो. कालोचा कागद हातात घेणारा विचारतो, हा खरा की ढोंगी? रेम्ब्रांटच्या कागदापुढं तो प्रश्न चालत नाही. सोंग आहे हे उघड आहे आणि सोंग घेणारा सही करून सांगतो आहे की हा मी. पुढं आलेला हात चित्रकाराचाच असल्यावर ‘यांच्या’बद्दल बोलायची सोय उरत नाही.

१६४८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यानं भिकारी पुन्हा एकदा काढले. या खेपेला ते कोऱ्या कागदावर नाहीत, दारात आहेत. आईच्या पाठीवर बाळ, शेजारी वाद्य घेतलेला म्हातारा, पाठमोरा पोरगा. दाराच्या आत घरधनी, वयस्क, थोडा वाकलेला. तो आईच्या हातावर नाणं ठेवतो आहे. घर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याची एक नाली वाहते. कालोनं जे गाळलं ते सगळं इथं परत आलं: उंबरा, देणारा, देण्याघेण्यातलं अंतर. चित्र शांत आहे, कोणाच्या चेहऱ्यावर नाटकी करुणा नाही. दोन हात आणि एक नाणं, चित्राचा सगळा भार तेवढ्यावर तोललेला. या रेम्ब्रांटचा आपल्या मुलखाशी एक धागाही जुळतो. १६५३ मध्ये इथल्या शहराला औरंगाबाद हे नाव मिळालं, तेव्हा औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता. त्यानंतरच्या काही वर्षांत ॲमस्टरडॅममध्ये बसून रेम्ब्रांट मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं करत होता. त्यांत शहाजहान आहे, आणि झाडाखाली बसलेले चार साधुपुरुषही आहेत. ती बैठक त्यानं १६५६ च्या एका एचिंगमध्ये बायबलमधल्या अब्राहामाच्या दारी वापरली. हिंदुस्थानातले झाडाखालचे साधू एका परक्या धर्माच्या अंगणात जेवायला बसले.

आता पैठण. नाथसागराचं पाणी डावी-उजवीकडं चमकतं, गोदावरीच्या काठावर एकनाथांची समाधी आहे आणि गावात त्यांचा वाडा. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. म्हणजे कालो सात वर्षांचा असताना नाथांनी देह ठेवला. वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपात देवानं बारा वर्षं कावडीनं पाणी आणून तो भरला, ही कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते, आणि नाथषष्ठीच्या दिवसांत आजही भाविक तो रांजण भरतात. घरातला पाणक्या, ज्याच्याकडं कोणी मान वर करून पाहत नाही, तोच देव, हे सांगायला ज्या समाजाला अशी गोष्ट रचावी लागली त्याच्या मनात पाणक्याबद्दल काहीतरी टोचत असलं पाहिजे. पण मला वाड्याइतकीच वाड्याबाहेर उभी राहणारी माणसं महत्त्वाची वाटतात, आणि ती नाथांच्या भारुडांत आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, पोतराज, भुत्या, फकीर, कोल्हाटीण, महार, आंधळा, पांगळा, बहिरा, मुका. ही यादी कालोच्या पंचवीस पानांशेजारी ठेवली तर दोन्ही कलावंत एकाच रस्त्यावरून चालत होते असं वाटतं. फरक एवढाच की कालोचे भिकारी मुके आहेत. नाथांचे बोलतात, आणि ‘मी’ म्हणून बोलतात.

या ‘मी’मध्येच सगळं आलं. भारूड नुसतं वाचायचं नसतं, ते उभं करायचं असतं. जत्रेत, दिंडीत, भजनाच्या रात्री एखादा भजनकरी खांद्यावर घोंगडी टाकतो, हातात घुंगरांची काठी घेतो आणि जोहार घालत पुढं येतो. जोहार हा महाराचा वंदनाचा शब्द. वेशीत उभं राहून गावाला घालायचा. तो शब्द आता बामणाच्या, मराठ्याच्या, वाण्याच्या तोंडून निघतो. नाथांच्या जोहारांत महार गावकामगार म्हणून हिशोब द्यायला उभा असतो, गाव म्हणजे देह असतो आणि जमाखर्च माणसाच्या वागण्याचा असतो. अशा रचनेच्या शेवटी नाथांची मुद्रा येते, गुरू जनार्दनस्वामींच्या नावाला जोडलेलं स्वतःचं नाव. रेम्ब्रांटनं भिकाऱ्याच्या पायाशी आपली आद्याक्षरं कोरली. पैठणच्या ब्राह्मणानं महाराच्या जोहाराखाली आपलं नाव लिहिलं. ज्या शास्त्रानं महाराची सावलीही नको म्हटलं त्याच शास्त्रात वाढलेल्या माणसानं सार्वजनिक ठिकाणी, लोकांच्या भाषेत, त्याच्या जागी उभं राहून ‘मी’ म्हणायचं, याचं वजन आज नीट कळायला थोडा प्रयत्न करावा लागतो.

इथं सर्वांत मोठा आक्षेप येतो आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. भारुडातला आंधळा हा खरा आंधळा नाहीच. ते अज्ञानाचं रूपक आहे. पांगळा म्हणजे साधनेत पांगळा. मग खऱ्या आंधळ्याला काय मिळालं? त्याचं व्यंग पुन्हा एकदा दुसऱ्याच कशाचं तरी चिन्ह म्हणून वापरलं गेलं, जूजकाच्या दातांसारखं. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. आंधळा-पांगळ्याच्या भारुडांत नाथांची नजर परमार्थावर आहे आणि वाटेवर बसलेला माणूस तिच्यातून निसटतो. पण सगळी भारुडं एका मापाची नाहीत. ब्राह्मण आणि महार यांच्या संवादाचं जे भारूड आहे त्यात रूपकाचा पडदाच नाही. ब्राह्मण महाराला माजोरी म्हणून दटावून सुरुवात करतो. महार दबत नाही. प्रत्येक प्रश्नाला उलट उत्तर देतो, दोघांचे मायबाप एकच, दोघांची माती एकच, हे दाखवत जातो. हळूहळू ब्राह्मणाच्या बोलण्यातली दटावणी सरते आणि तो विचारू लागतो, तुला हे कळलं कुठून? दटावणाऱ्याचा विचारणारा होतो. यात महार कशाचंही चिन्ह नाही. तो महारच आहे, आणि वादात वरचढ आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. महाराला स्वतःचं तोंड नव्हतं का, की नाथांनी आपलं उसनं द्यावं? होतं. नाथांच्या दोनशे वर्षं आधी मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यानं अभंग रचले, त्याची बायको सोयराबाई हिनं रचले, मुलगा कर्ममेळा यानं तर देवालाच जाब विचारला. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात कोसळलेल्या भिंतीखाली चोखोबा गेले आणि त्यांची समाधी पंढरपूरला देवळाच्या महाद्वाराशी आहे, बाहेर. ज्यांनी ते भोगलं त्यांचा ‘मी’ आणि ज्यानं ते पाहिलं त्याचा ‘मी’ यांची किंमत एक धरता येणार नाही. नाथांच्या ‘मी’चं काम वेगळं होतं. चोख्याचं म्हणणं ज्यांच्या कानात शिरत नव्हतं त्यांच्याच तोंडून ते वदवून घेण्याची ती युक्ती होती. घोंगडी पांघरून जोहार घालणाऱ्या सवर्ण भजनकऱ्याला निदान तेवढा वेळ तरी वेशीपाशी उभं राहून गावाकडं पाहावं लागतं. त्याची मर्यादाही तिथंच आहे. भारूड संपलं की घोंगडी उतरवून तो घरी जातो, रेम्ब्रांट आरशापुढून उठून दिवाणखान्यात जातो. ज्याची घोंगडी खरी आहे त्याला ती उतरवता येत नाही. त्या काळी कोणी इतक्या दूरवर विचार करत नव्हतं, आजचे प्रश्न जुन्या संतांना विचारू नयेत, असंही म्हटलं जाईल. पण कर्ममेळ्यानं ते प्रश्न चौदाव्या शतकातच विचारले होते. प्रश्न जुनेच आहेत, ऐकणारे उशिरा आले.

पैठणहून परत शहरात आलं की विद्यापीठाच्या अलीकडं नागसेनवन लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये इथं महाविद्यालय काढलं, मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नाममात्र असताना. वेशीबाहेरच्या मुलांनी इथं वसतिगृहांत राहून शिक्षण घेतलं. याच शहरातून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं, २०१८ मध्ये ते गेले तोवर जवळजवळ पन्नास वर्षं. त्याच्या पानांवर ज्यांनी कविता, कथा, आत्मकथनं लिहिली त्यांना कोणाचं तोंड उसनं घ्यावं लागलं नाही आणि कोणाच्या सोंगात उभंही राहावं लागलं नाही. त्यांच्या ‘मी’खाली त्यांचीच सही होती. चेहरा, आवाज आणि सही एकाच माणसाची. कालोच्या कोऱ्या कागदावर, जूजकाच्या भिंतीवर, रेम्ब्रांटच्या आरशात आणि नाथांच्या भारुडात या तिन्ही गोष्टी एकत्र कधी आल्या नव्हत्या. आणि तरी मी नाथांचं भारूड बाजूला टाकणार नाही. नागसेनवनात लिहिणाऱ्याला जो वाचक हवा होता, म्हणजे दटावणी सोडून विचारू लागलेला वाचक, तो घडवण्याचं काम या मुलखात चारशे वर्षं जत्रांच्या रात्री घुंगरांच्या काठीनं चालू होतं. तो पुरेसा घडला नाही, हे विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यानं दाखवलं. १९७८ मध्ये विधिमंडळानं ठराव केल्यावर बाबासाहेबांचं नाव प्रत्यक्ष लागायला १९९४ उजाडलं, आणि मधल्या काळात दलित वस्त्या जळल्या.

नागसेनवनापासून लेण्यांचा डोंगर जवळ आहे. वरच्या सातव्या लेण्यात आठ भयांतली ती माणसं हात जोडून आहेत. बेड्यांतला कैदी आहे, मूल वाचवू पाहणारी आई आहे. खाली महाविद्यालयाला बाबासाहेबांनी नाव दिलं ते मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद एकामागून एक प्रश्न विचारत जातो आणि त्याच्यासमोर बसलेला नागसेन उत्तरं देतो. नागसेन भिक्खू आहे. त्याचं पात्र रोज दुसऱ्याच्या दारापुढं धरलं जातं, आणि राजा त्याच्यापुढं शिकायला बसलेला आहे.